काचेवरच्या पत्त्या

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं, शाल आणि घड्याळ तर शाळा सगळ्यांनाच देते, तुम्हाला आठवण म्हणून आणखी काही हवं का. नारायणगुड्यातल्या त्या मुलींच्या शाळेत मी सगळी नोकरी गणित शिकवण्यात काढली होती. मी माझी लाकडी खुर्ची मागेन असं बाईंना वाटलं असावं. मी म्हटलं, खेळाच्या खोलीत वरच्या फळीवर एक काळी पेटी आहे, ती द्या.

त्या पेटीत क्लॅरिनेट होतं. शाळेचा बँड होता तेव्हाचं. बँड बंद पडून खूप वर्षं झाली होती, ढोल कुठे गेले कुणाला ठाऊक नव्हतं, पण ही पेटी तेवढी राहिली होती. दर वर्षी सामानाची मोजदाद माझ्याकडे असायची. मी पेटी उघडायची, आत बघायची, कागदावर 'नादुरुस्त' लिहायची आणि पुन्हा वर ठेवायची. लहानपणी आमच्या गल्लीतून वरात गेली की मी बँडच्या मागेमागे चौकापर्यंत जात असे आणि मग मला परत आणायला घरातल्या कुणाला तरी यावं लागे. बँडमध्ये सगळ्यांत पुढे क्लॅरिनेटवाला चालायचा आणि माझं लक्ष त्याच्या गालांकडे असायचं. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही.

पेटी चिक्कडपल्लीच्या आमच्या घरी आली तेव्हा आमच्या ह्यांनी ती आधी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. हे माझ्या दोन वर्षं आधी निवृत्त झाले होते. एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये यांची सगळी नोकरी झाली. जुने नकाशे, जुने उर्दू दस्तऐवज, कुणाच्या बाप-आज्याच्या जमिनीचे कागद, सगळं यांच्या ताब्यात. घरी बसल्यावर ताब्यात काही उरलं नाही, म्हणून दोन वर्षांत यांनी माझं स्वयंपाकघर तीनदा लावून टाकलं होतं.

मी क्लॅरिनेट जोडून तोंडाला लावणार तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, ते कुणीतरी तोंडात घातलेलं आहे."

यांना उष्टं चालत नाही. माझंही नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण माझ्या कपातला चहा यांनी कधी घेतलेला नाही. बाटलीचं पाणीही हे वरून पितात. मी माउथपीस गरम पाण्याने धुतलं आणि फुंकर मारली. नुसती हवा गेली. तासभर मारत राहिले, डोकं गरगरायला लागलं, आवाज काही निघाला नाही.

म्हणून पुढच्या रविवारी पेटी घेऊन मी मलकपेठला गेले. तिथे लग्नात वाजवणाऱ्या एका बँडचं दुकान मी रिक्षातून जाताना पाहिलेलं होतं. अरुंद दुकान, आत दोरीवर लाल कोट टांगलेले आणि खाली स्टुलावर बसून साठीचे एक गृहस्थ झांजा पुसत होते. बँडचे मालक तेच आणि बँडमधलं पहिलं क्लॅरिनेटही तेच वाजवत. पुढे मी त्यांना उस्ताद म्हणायला लागले. ते मला पहिल्या दिवसापासून टीचरम्मा म्हणत आले.

त्यांनी वाद्य फिरवून पाहिलं. लाकूड चांगलं आहे, भोकं झाकणाऱ्या झाकणांखालच्या गाद्या बदलाव्या लागतील, त्या मी बदलून देतो म्हणाले. मग माउथपीसवर बांधलेली रीड त्यांनी नखाने अलगद सोडवली. बोटभर लांबीची ती पातळ पट्टी, इतकी वर्षं तिथेच चिकटून काळी पडली होती.

"ये पत्ती किसके जमाने की है, टीचरम्मा?"

शाळेची आहे, मी म्हटलं. ते हसले नाहीत. बँडवाले रीडला पत्तीच म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या बोरूसारख्या एका पोकळ काडीपासून ती करतात. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. क्लॅरिनेट कितीही भारी असलं तरी आवाज निघतो तो या पापुद्र्याच्या थरथरण्यातून, असं त्यांनी मला समजावलं. मग स्वतःची एक पत्ती काढून उजेडात धरली. टोकाकडून उजेड आरपार येत होता. माझी पत्ती धरली, काहीच दिसलं नाही.

शिकवाल का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि माझ्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. या वयात कायकू, असं ते विचारतील अशी माझी तयारी होती. ते म्हणाले, आधी पत्ती सांभाळायला शिकायचं, फुंकायचं नंतर. कबूल असेल तर रविवारी या.

पहिले दोन रविवार मी एकही सूर वाजवला नाही. पत्ती वाटीतल्या पाण्यात दोन मिनिटं भिजवायची, माउथपीसवर बसवताना टोक आणि कडा केसभर मागेपुढे होऊ द्यायची नाही, बांधायची, सोडायची, स्वच्छ पाण्यातून काढायची, जाड बाजूकडून टोकाकडे बोटाने निथळायची. उलट निथळली तर टोक मोडतं. आणि वाद्यावर बांधलेली ठेवून घरी जायचं नाही. मी स्वतः पाचवीच्या मुलींना आधी नुसते समास आखायला लावत असे, त्यामुळे मला तक्रार करायला जागा नव्हती. पण घरी आल्यावर मी त्या पाचवीच्या मुलींसारखीच वागले. दहा पत्त्यांचा डबा मागवला आणि दहाच्या दहा एकाच दिवशी उघडल्या.

मे महिना होता. पहिल्या दिवशी भिजवलेल्या पत्त्या नीट वाळाव्यात म्हणून मी त्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी घातल्या. कुरडया छान वाळल्या. पत्त्यांची टोकं मात्र कपड्याच्या झालरीसारखी झाली. एक पत्ती माझ्या पदरात अडकून मोडली. एक मी बांधलेलीच विसरले आणि आठवड्याने तिच्याबरोबर माउथपीसलाही वास आला. जून लागला आणि हवा दमट झाली, तेव्हा किडे लागू नयेत म्हणून मी उरलेल्या पत्त्या लवंगांच्या हवाबंद डब्यात टाकल्या. आठ दिवसांनी डबा उघडला तर त्यांच्यावर काळे ठिपके आले होते, आणि लवंगांचा वास असा मुरला होता की वाजवताना दात दुखत असल्यासारखं वाटे.

वाजवताना म्हणजे काय, तर मी त्यातून किंकाळ्या काढत होते. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई एकदा खाली येऊन अतिशय सभ्यपणे विचारून गेल्या की आमच्या कुकरची शिटी बिघडली आहे का.

ठिपके आलेल्या पत्त्या मी उस्तादांना दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून टोपलीत टाकल्या. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "पत्ती कू धूप भी नक्को, बंद डिब्बा भी नक्को. घर के बुजुर्ग कू कैसा रखते? थोडी हवा, थोडी छाँव. बस वैसाच."

ऑगस्टमधल्या एका रविवारी पाऊस फार होता. रस्त्यात पाणी साचलेलं, रिक्षावाले यायला तयार नाहीत, म्हणून हे छत्री घेऊन माझ्यासोबत निघाले. मला दुकानात सोडून समोरच्या हॉटेलात चहा पीत बसेन, असं यांनी ठरवलं होतं. पण हॉटेल बंद होतं. हे दुकानातच एका बाकावर बसले आणि माझा धडा सुरू व्हायच्या आधी यांची नजर उस्तादांच्या समोरच्या काचेवर गेली. साधी खिडकीची फुटकी काच, वहीच्या पानाएवढी. तिच्यावर रबराने चार पत्त्या दाबून ठेवलेल्या होत्या.

काचच का, यांनी विचारलं. उस्ताद म्हणाले, काच सपाट असते. पत्तीची पाठ सपाट राहिली तर ती माउथपीसवर नीट बसते, हवा गळत नाही. लाकडावर ठेवली तर लाकूड पाणी पितं, प्लास्टिकवर ठेवली तर घाम सुटतो. हे म्हणाले, आमच्याकडे जुने नकाशे असेच ठेवत. भिंतीपासून हातभर दूर, सपाट, वर वजन, आणि पावसाळ्यात दर चार दिवसांनी कपाटं उघडायची. उस्तादांनी विचारलं, किती जुने नकाशे. मग हे सुरू झाले.

दोघं दख्खनी उर्दूत बोलत होते. हे इथल्याच गल्ल्यांत लहानाचे मोठे झालेले, यांची दख्खनी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. कसर, बुरशी, दमट भिंत, कडुनिंबाचा पाला, जुन्या शाईचा वास, या विषयांवर कुणी यांच्याशी इतक्या गोडीने बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी क्लॅरिनेट जोडून बसून राहिले. धड्याची वेळ संपली. निघताना उस्तादांनी यांनाच सांगितलं की पुढच्या रविवारी जरूर या, आणि नंतर आठवण होऊन मलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आमच्या चौकातल्या फोटो फ्रेमवाल्याकडून जाड काच कापून घेऊन आले. हात कापू नये म्हणून कडा घासून घेतल्या होत्या. मी नवीन पत्त्यांचा डबा मागवला तो यांनी आपल्याकडे घेतला. दिवसाला दोनच उघडायच्या, पहिल्या दिवशी प्रत्येकी पाच मिनिटं वाजवायची, दुसऱ्या दिवशी सात, असा उस्तादांचा नियम होता, तो यांनी लावून धरला. प्रत्येक पत्तीच्या जाड टोकावर पेन्सिलीने बारीक आकडा घातला. एक वही केली. माझी तालीम चालू असताना हे शेजारच्या खोलीत पेपर घेऊन बसत आणि संपल्यावर वहीत काहीतरी लिहीत. एकदा मी चोरून वाचली. क्रमांक दोनपुढे लिहिलं होतं, 'सकाळी चिडचिडी, दुपारनंतर बरी.' क्रमांक पाच, 'खालचे सूर उत्तम. वर गेली की किंचाळते.' क्रमांक नऊ, 'हिच्यात फारसा अर्थ नाही, पण टाकू नये.'

मला हसू आलं, पण थोडे दिवस गेल्यावर रागही यायला लागला. मी रंगात आले की बरोबर पंधराव्या मिनिटाला हे दारात येऊन उभे राहत, हातात फडकं आणि पाण्याची वाटी. पत्ती दमली, म्हणत. मला चार क्रमांकाची पत्ती आवडायची, तर आज चारची पाळी नाही, असं उत्तर मिळे. शेवटी एका दुपारी हे बाजारात गेलेले असताना मी काचेवरून चार नंबर काढली आणि तासभर वाजवली. आल्या आल्या यांना कळलं. कसं कळलं मला माहीत नाही, मी ती धुऊन जागच्या जागी ठेवली होती.

त्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, वाद्य मला मिळालंय, फुंकते मी, शिकते मी, आणि माझ्याच घरात मला अर्ज करून पत्ती घ्यावी लागते. ही रेकॉर्ड रूम नाही. यांनी काच उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि हे गॅलरीत जाऊन बसले.

चहाच्या वेळी मी कप घेऊन गेले. हे खाली रस्त्याकडे बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळी नोकरी मी कागद सांभाळले. कुणी मागितला की काढून द्यायचा, सही घ्यायची, परत आला की जागेवर ठेवायचा. पुढे त्या कागदाचं काय झालं ते कधी कळत नसे." मग कप हातात घेऊन म्हणाले, "मी ठेवलेल्या वस्तूचा आवाज मी पहिल्यांदा ऐकतोय."

मी काच पुन्हा यांच्या खोलीत नेऊन ठेवली. मात्र एक ठरवून घेतलं की आठवड्यातून एक दिवस चार नंबर मला, न विचारता. ते यांनी मान्य केलं आणि वहीत लिहून ठेवलं.

हळूहळू आवाज सुधारत गेला. पत्ती कधी बदलायची ते मलाही आता ओठांना कळू लागलं. दमलेली पत्ती जड लागते, ओली चादर ओढावी तशी. दिवाळीच्या सुमाराला मी एक साधी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवली. वरच्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुमचा रेडिओ आता स्वच्छ लागतो. त्यांनी थट्टा केली की त्यांना खरंच तसं वाटलं, याचा निकाल अजून लागलेला नाही.

डिसेंबरमध्ये उस्ताद त्यांच्या बेगमसाहेबांना घेऊन पहिल्यांदा आमच्या घरी आले. मुलाच्या लग्नाची पत्रिका होती. आम्ही अभिनंदन केलं, लाडू दिले, पण उस्ताद काही खुलेनात. बेगमसाहेबांनीच सांगितलं की नवऱ्या मुलाच्या बापाने लाल कोट घालून रस्त्यावर वाजवत जाणं बरं दिसत नाही, असं मुलीकडच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे. त्यांनी शेरवानी घालून पाहुण्यांबरोबर चालायचं. उस्ताद ताटलीकडे बघत होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वरातींत वाजवलं, आणि आपल्या मुलाच्या वरातीत रिकाम्या हाताने चालायचं, असं काहीसं ते पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "मेरी जगा मेरा भाई बजाएगा. उसकी जगा खाली है, टीचरम्मा. वो आप भरो."

त्यांचा धाकटा भाऊ बँडमधलं दुसरं क्लॅरिनेट वाजवत असे. दुसऱ्या क्लॅरिनेटचं काम फार अवघड नसतं. पहिला जी चाल घेतो तिच्या खाली खालचे सूर धरून चालायचं. तरी मला घाम फुटला. भर रस्त्यात, साठी गाठलेली बाई, लाल कोट घालून. माझ्या निम्म्या विद्यार्थिनी याच शहरात राहतात. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "हिच्याकडे सहा पत्त्या तयार आहेत."

आता सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांनी वही आणली. रस्त्यावर दोन तास टिकायला कोणती पत्ती चांगली, यावर यांची आणि उस्तादांची चर्चा सुरू झाली. यांचं मत चारच्या बाजूचं होतं. उस्ताद म्हणाले, एकीवर विसंबायचं नाही. मोकळ्या हवेत टोक लवकर वाळतं, तीन घ्यायच्या आणि वाटेत बदलायच्या. मला कुणी काही विचारलं नाही. मी लाडवांच्या ताटल्या उचलल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्यावर लक्षात आलं की मी गुणगुणते आहे.

जानेवारीभर तालमी झाल्या. बेगमसाहेबांनी एका कोटाच्या बाह्या आखूड करून दिल्या, खांदे आत घेतले. साडीवर तो कोट घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा यांनी सोनेरी गोंड्यावरची धूळ झटकली आणि चांगला दिसतोय म्हणाले. कोट की मी, ते सांगितलं नाही.

वरात दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर निघाली. मलकपेठच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागून फंक्शन हॉलपर्यंत जायचं होतं. ऊन उतरलं होतं, पण अजून चांगला उजेड होता. सगळ्यांत पुढे उस्तादांचे भाऊ, त्यांच्या डाव्या हाताला मी, मागे ट्रंपेट, मागे ढोल. उघड्या मोटारीत नवरदेव आणि त्याच्या मागे शेरवानीतले उस्ताद, हात पाठीमागे बांधून. आणि माझ्यापासून दोन पावलांवर, पाहुण्यांत नाही आणि बँडमध्येही नाही, असे आमचे हे. खिशात छोट्या काचेवर दोन पत्त्या, हातात पाण्याची बाटली.

पहिली दहा मिनिटं मी फक्त शेजारी चालणाऱ्या भावाच्या बुटांकडे बघत होते. मग गल्लीच्या तोंडाशी भावाने एक जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली चाल घेतली, आणि मी खालचा सूर धरला. तो मागच्या ढोलाला जाऊन बसला. माझ्या छातीतून गेलेली हवा आणि मागचा ढोल एकच झाला. खिडक्यांतून बायका बघत होत्या. एका दुकानाच्या पायरीवर उभी असलेली कडेवर मूल घेतलेली बाई माझ्याकडे बोट दाखवून ओरडली की ह्या तर आमच्या मॅथ्सच्या टीचर. मला वाजवता वाजवता हसू आलं आणि सूर थोडा हलला.

मोठ्या रस्त्यावर पाहुणे नाचायला लागले. कुणा मामांना इतका आनंद झाला होता की ते प्रत्येक वाजवणाऱ्याच्या गळ्यात फुलांचा हार घालत सुटले होते. माझ्याही गळ्यात घातला. हार क्लॅरिनेटवरून ओढला गेला, त्यातला जरीचा दोरा पत्तीच्या टोकाला अडकला, आणि पत्ती तांदळाच्या कणाएवढी मोडली. मी फुंकलं. नुसती हवा.

बँड थांबत नाही. भाऊ पुढे चालत राहिले. मी कडेला झाले आणि पत्ती आवळून धरणाऱ्या कड्याचे स्क्रू सोडवायला लागले. हे तोवर पोचले होते. यांनी खिशातून काच काढली, पत्ती सोडवली, बाटली उघडली, तर बाटली रिकामी. मघाशी ढोलवाल्याला तहान लागली म्हणून यांनीच त्याला दिली होती. कोरडी पत्ती बांधली असती तर सगळ्या मलकपेठला माझी किंकाळी ऐकू गेली असती. माझे दोन्ही हात गुंतलेले, तोंडाला कोरड पडलेली, धाप लागलेली. बँड वीस पावलं पुढे गेला होता.

यांनी पत्तीकडे एकदा पाहिलं. मग ती स्वतःच्या तोंडात घातली. औषध घेताना मिटतात तसे डोळे मिटले आणि माझ्याबरोबर चालत राहिले, ओठांतून पत्तीचं जाड टोक बाहेर. मी माउथपीस पुसून तयार केलं. यांनी पत्ती काढून माझ्या हातात दिली. चांगली ओली झाली होती. मी ती बसवली, बांधली, आणि तोंडाला लावली.

"सहा नंबर आहे," हे म्हणाले. "वर जाताना जपून."

मी पळतच बँड गाठला. भावाच्या चालीखाली माझा सूर परत मिळाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता भुवई उंचावली. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की हॉल आणखी चार मैल लांब असता तरी चाललं असतं.

हॉलच्या दाराशी वाजवणारे अर्धगोल करून उभे राहतात आणि शेवटची चाल जोरात होते. ती सुरू झाली. नवरदेव मोटारीतून उतरला. उस्ताद त्याच्या बाजूला उभे होते आणि त्यांची बोटं शेरवानीच्या कडेवर हलत होती, एकेक सुराबरोबर. मुलाने ते पाहिलं. तो वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. उस्तादांनी मुलीकडच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क गृहस्थांनी स्वतःच हात पुढे करून वाट मोकळी केली.

भावाने आपलं क्लॅरिनेट काढून त्यांना दिलं. त्यांनी भावाची पत्ती सोडवली, शेरवानीच्या आतल्या खिशातून स्वतःची पत्ती काढली. रिकाम्या हाताने चालणारा माणूस पत्ती खिशात घेऊन आला होता. त्यांनी ती तोंडात धरली, बांधली, आणि चाल घेतली. मी त्यांच्या खाली होते. दर रविवारी मी त्यांना दुकानात वाजवताना ऐकत होते, पण हे वेगळंच होतं. ते मुलाकडे बघत वाजवत होते आणि मुलगा रडत हसत होता. मी मात्र डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर सूर सुटला असता.

नंतर बिर्याणीच्या दस्तरखानावर उस्तादांनी मला सांगितलं की दुसऱ्या वळणावर मी अर्धी मात्रा मागे होते, रविवारी यायचं. बेगमसाहेबांनी माझ्या पानात आणखी एक डाव बिर्याणी वाढली आणि त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

हे सगळं झालं त्याला आता दीड वर्ष होईल. बँडमध्ये मी अधूनमधून वाजवते, कुणी आजारी पडलं किंवा एका दिवशी दोन वराती आल्या तर. या पावसाळ्यात बँडच्या सगळ्या पत्त्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत. मलकपेठच्या दुकानाच्या भिंतीला ओल आली आहे, आणि यांनी उस्तादांना सांगितलं की तिथे काहीच टिकणार नाही. आमचं जेवणाचं टेबल काचांनी भरलंय, प्रत्येक काचेपाशी यांच्या सुबक उर्दू अक्षरात नाव, आणि आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो. रविवारी बँडची माणसं पत्त्या न्यायला येतात, चहा पितात, यांची वही मोठ्याने वाचतात आणि हसतात.

परवा मी भेंडी घेऊन आले तर दाराबाहेरच मला आतून क्लॅरिनेट ऐकू आलं. एकच सूर. थांबला, पुन्हा आला, जरा लांब, जरा स्थिर. पत्ती तपासल्याशिवाय वहीत काय लिहायचं, असं यांना वाटलं असणार. मी पिशवी खाली ठेवली आणि सूर संपेपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मग घंटी वाजवली.